धुराचे पिंप आणि इतर किरकोळ मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा पूर्वी बॉयलर चालवणे व सध्या धुरावर मांस आणि मासे शिजवणे, राहणार स्वतःच्या घरात, आज स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. ती शाबूत नसल्याची शंका ज्यांना येते, ते सगळे माझ्याशी वाद घालून हरलेले लोक आहेत. डॉक्टरबाईंनी तपासून दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. त्याच दाखल्यात लिहिले आहे की माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. झडप म्हणजे काय, हे त्या मला चित्र काढून समजावत होत्या. मी म्हटले, "बाई, एकतीस वर्षं झडपांच्याच पगारावर जगले मी. किती दिवस, तेवढं सांगा." त्यांनी नेमके सांगितले नाही, म्हणून हा कागद.

यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली होती. दोन्ही पिंपात जाळली. कागदाचा धूर मांसाला चांगला नाही, म्हणून पिंप रिकामे असताना जाळली. हे तिसरे आणि शेवटचे समजावे.

वकीलबाईंनी मला बजावले होते, "काकू, कोणाला काय तेवढंच लिहायचं असतं. का, ते लिहायचं नसतं." पण 'का' गाळले की मागे राहिलेली माणसे ते आपापल्या मनाने भरतात. म्हणून दोन्ही लिहिते आहे.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचे अंगण, मुलगा आणि सून यांना समसमान, दोघांच्या नावे. मुलाने कपाळाला आठ्या घालू नयेत. छप्पर गळते तेव्हा शिडीवर सून चढते आणि तो खालून शिडी धरून सल्ले देतो. धरतो चांगली, हे कबूल.

कलम २. बँकेतली ठेव मुलाला. माझ्यामागे लोकांना जेवू घालायचे असेल तर मांस पिंपातलेच असावे, आणि ते कलम ६ नीट वाचल्यावरच चढवावे. माझ्या नावाने कडू मांस वाढले गेले तर मी जिथे असेन तिथून परत येईन.

कलम ३. भिंतीवरचे बॉयलर चालवण्याचे प्रमाणपत्र, चौकटीसह, सुनेला. रुग्णालयाच्या धुलाईघरात तोवर बॉयलरवर बाई कधी नव्हती. तोंडी परीक्षेत साहेबांनी विचारले, "बाईमाणसाला हा दाब झेपेल का?" मी म्हटले, "साहेब, घरात सासू, दीर आणि पाळण्यात पोर आहे. बॉयलरला निदान काटा तरी असतो." पास केले. त्यानंतर एकतीस वर्षांत माझ्या पाळीत एकदाही वाफ कमी पडली नाही आणि एकदाही झडप उडाली नाही. यात काय विशेष, असे ज्याला वाटते त्याने एक आठवडा ते काम करून दाखवावे. गल्लीत मला बॉयलरबाई म्हणतात. सुरुवातीला चिडवायला म्हणायचे, आता पत्ता सांगायला म्हणतात.

कलम ४. ड्रिल मशीन, पान्यांचा संच, कानशी आणि लोखंडी पेटी कोपऱ्यावरच्या वेल्डरला. त्याला सगळे ठिणगी म्हणतात, कारण तो डोळ्यांवर चष्मा न लावता काम करतो आणि वर हसतो. त्याने आता तरी चष्मा लावावा. पुढे कलम ७ मध्ये मी त्याची माफी मागितली आहे. ती वेगळी आहे, या हत्यारांत धरू नये.

कलम ५. समोरच्या निवृत्त मास्तरांनी माझ्या धुराविरुद्ध आजवर अकरा लेखी तक्रारी केल्या आहेत. प्रत्येक तक्रारीचे अक्षर सुंदर होते. तरीही दर रविवारी बारा वाजता ते खिडकीत येऊन बसतात आणि नाक बाहेर काढतात, हे मी पाहिले आहे. अंगणातली वेताची खुर्ची, जी वाऱ्याच्या बरोबर समोर ठेवलेली असते, ती त्यांना द्यावी. त्यांनी ती हलवू नये.

कलम ६. आता मुद्द्याचे. दोनशे लिटरचे पोलादी पिंप, मूळचे खाद्यतेलाचे, उंची माझ्या बरगड्यांपर्यंत. बावीस वर्षांपूर्वी आणले तेव्हा आत दिवसभर लाकडे जाळून जुना रंग आणि तेलाचा थर उतरवला. तळापासून चार बोटांवर तीन भोके, अंगठा जाईल एवढी, तिन्हींवर आता पितळेचे कॉक. आत कोळशाची जाळीदार टोपली, तिच्याखाली राखेची थाळी. टोपलीच्या वर दीड हात जागा सोडून एक जाळी, तिच्यावर वीतभर अंतराने दुसरी. झाकणाला मनगटाएवढी चिमणी आणि झाकणाखाली उष्णतेचा काटा. पंखा नाही, वीज नाही, बटण नाही. मुलगा म्हणतो, "आई, गंजलंय ते. भंगारवाला रोज दारावरून जातो." भंगारवाला रोज जातो तो वास घ्यायला.

ज्याला पिंप मिळेल त्याने पुढील सूचना मालमत्तेचाच भाग समजाव्यात.

आग कोळशाची असली तरी हुकूम हवेचा चालतो. हवा खालच्या भोकांतून शिरते, कोळशाला भेटते, तापून वर जाते, मांसाला वळसा घालते आणि चिमणीतून बाहेर पडते. ही वाट खालून अरुंद करायची, वरून कधीही नाही. नवखा माणूस काटा चढला की घाबरून चिमणी झाकतो. आग मंदावते खरी, पण धूर आतच कोंडतो, काळा होतो आणि मांस कडू करतो. पहिल्या महिन्यात मी हेच केले होते. ते मांस गल्लीतल्या कुत्र्यानेही हुंगून सोडले. म्हणून चिमणी कायम सताड उघडी.

पेटवताना तिन्ही भोके उघडी ठेवावीत. दाट पांढरा धूर निघाला की लोकांना वाटते काम सुरू झाले. झालेले नसते. धूर फिकट, निळसर, डोळे बारीक करून शोधावा लागेल असा झाला की मांस ठेवावे. काटा ऐंशीवर आला की पहिले भोक बंद, नव्वदवर दुसरे, शंभरच्या अलीकडे तिसरे अर्ध्यावर. चढतानाच पकडायचे. एकदा वर गेलेला काटा खाली आणणे म्हणजे रुसून गेलेल्या माणसाला परत बोलावणे. येतो, पण फार वेळ लागतो.

कॉकला पाव वळण द्यावे आणि वीस मिनिटे हाताची घडी घालून बसावे. पाच मिनिटांत काही झाले नाही म्हणून आणखी पाव वळण देणारा तासाभरात पस्तावतो. वारा ज्या बाजूने येतो तिकडचे भोक आधी बंद करावे, कारण वारा म्हणजे फुकटचा भाता. तीन-चार तासांनी काटा आपोआप उतरू लागला तर कॉकला हात लावण्याआधी पिंपाला बुटाने हलकी लाथ मारावी. राख झडते, हवेची वाट मोकळी होते. पिंपाने बावीस वर्षांत लाथेचा राग धरलेला नाही. आमच्या घरात तेवढे एकच तसे आहे.

काटा चार अंश कमी दाखवतो. दरवर्षी उकळत्या पाण्यात धरून तपासते, दरवर्षी शहाण्णव. तो बदलू नये, कारण पिंपाच्या नोंदवहीतले सगळे आकडे त्याच काट्याचे आहेत. आमचा काटा एकशे सहा म्हणतो तेव्हा खरे एकशे दहा असतात, आणि एकशे सहावर काटा उभा राहिला की या पिंपाकडून आणखी काही मागू नये. सहा तास तिथेच, दोन अंश इकडे नाही की तिकडे, हे मी शेकडो रविवार करून दाखवले आहे. मला मोठेपणा सांगायची सवय नाही, असे लिहिणार होते, पण कायद्याच्या कागदावर खोटे लिहू नये.

आणि झाकण. शिजेपर्यंत झाकण उघडायचे नाही. उघडले की आतली ऊब जाते आणि वरून हवा कोळशावर तुटून पडते. ज्याला बघायचे आहे त्याने काट्याकडे बघावे. 'बघाल तर उपाशी राहाल' हे माझे वाक्य आता गल्लीतली मुलेही आपल्या आयांना ऐकवतात.

कलम ७. वरील पिंप, काटा, वही, जाळ्या आणि चिमटे, सर्व माझ्या धाकट्या बहिणीला. इथे मुलाने चष्मा पुसून पुन्हा वाचले असेल. बरोबर वाचले आहे. नऊ वर्षे आम्ही दोघी बोललेलो नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. का, ते सगळ्यांना चुकीचे ठाऊक आहे.

पिंप तयार झाले तेव्हा दोन भोकांना पितळेचे कॉक लावले होते. तिसरे भोक भिंतीच्या बाजूला, सहसा न दिसणारे. ठिणगी म्हणाला, "काकू, तिन्हीला कॉक लाव." मी म्हटले, "दोन पुरे. तिसऱ्यावर हे चिकटवते," आणि जुन्या रेडिओच्या स्पीकरमधले लोहचुंबक त्याला दाखवले. पत्र्याला असे घट्ट बसले की नखाने निघेना.

"काकू, तापून तापून लोहचुंबक ढिलं पडतं."

"अठरा वर्षं बॉयलर चालवतेय मी. गरम काय असतं ते तू मला शिकवतोस?"

तो आपली हत्यारे आवरू लागला. लोहचुंबक तेरा वर्षे टिकले आणि तेरा वर्षे मी त्याला टोमणे मारले.

मग माझ्या निवृत्तीचे जेवण आले. चाळीस माणसे, धुलाईघरातल्या सगळ्या बाया, झाडून सगळे साहेब. दोन्ही जाळ्यांवर मिळून चौदा किलो मांस. धाकटी सकाळपासून येऊन कांदे चिरत होती. तिची खानावळ त्याच वर्षी बंद पडली होती, बारा वर्षे एकटीने चालवलेली. ती माझ्यापेक्षा चांगला स्वयंपाक करते. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

बाराच्या सुमारास मी वळून पाहिले तर झाकण तिच्या हातात.

"काय करतेस!"

"नुसतं बघते गं ताई. वास किती सुंदर सुटलाय!"

मी झाकण हिसकावून बसवले. काटा चढू लागला. मी दोन्ही कॉक आवळले. एकशे तीस. एकशे साठ. एकशे नव्वद. चरबी कोळशावर गळून पेटली आणि चिमणीतून ज्वाळा निघाली. चौदा किलो मांस बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे झाले. चाळीस माणसे रिकामी ताटे घेऊन उभी होती, आणि त्या चाळीस माणसांसमोर मी तिला म्हणाले, "जिथे हात घालशील तिथे राख करशील. खानावळ पुरली नाही का?"

तिने सुरी खाली ठेवली, हात धुतले, टॉवेलला पुसले, टॉवेलची घडी घातली आणि मागच्या दाराने निघून गेली.

तिसऱ्या दिवशी राख काढताना भिंत आणि पिंप यांच्या मधल्या गवतात मला लोहचुंबक सापडले. उचलून टाचणीजवळ नेले. टाचणी जागची हलली नाही.

मला सगळे त्याच क्षणी कळले. झाकण अर्धा मिनिट उघडले तर काटा चढतो, पण खालची हवा बंद असेल तर उतरतोही. दोनशेकडे धावत नाही. मागचे भोक उघडे पडले होते आणि मी मात्र पुढचे दोन कॉक आवळून बहिणीवर ओरडत होते. चूक तिच्या हाताची नव्हती, माझ्या हेक्याची होती.

त्याच दिवशी तिच्याकडे जायला हवे होते. गेले नाही. एकतीस वर्षे जिच्या पाळीत काही बिघडले नाही, तिनेच निवृत्तीच्या जेवणात घोळ घातला, हे सांगायला जीभ उचलेना. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता वर्ष गेले. मग कोणत्या तोंडाने जायचे, असे झाले. तीन वर्षांनी मनाची समजूत घातली की आता तिला सवय झाली असेल. मला झाली नाही. मला तिची फार आठवण येते, रविवारी जास्त.

तिसऱ्या भोकाला पितळेचा कॉक मी स्वतःच बसवला. ठिणगीने पाहिले तेव्हा मी म्हटले, "शोभेसाठी." तो म्हणाला, "छान दिसतं, काकू." त्याला सगळे कळले होते. नऊ वर्षांत त्याने ना मला टोमणा मारला, ना बाहेर कोणाला सांगितले. त्याची मी इथे लेखी माफी मागते.

लोहचुंबक बटणांच्या डब्यात आहे. तेही धाकटीला. त्याचा उपयोग काही नाही, पुरावा म्हणून द्यावे.

कलम ८. धाकटी तिसऱ्या मजल्यावर राहते, तिला अंगण नाही. म्हणून पिंप आहे तिथेच, भिंतीच्या आडोशाला राहील, आणि दर रविवारी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत मागच्या फाटकाने येण्याजाण्याचा आणि अंगण वापरण्याचा वहिवाटीचा हक्क तिला राहील. मुलाने फाटकाला तेल घालावे. धाकटीने पिंप नाकारले, आणि तिला तसा पूर्ण अधिकार आहे, तर ते दुसऱ्या कोणालाही देऊ नये. सरळ भंगारात घालावे. मुलाला तेवढेच समाधान. या सर्वाची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

कलम ९. हे कलम ठरलेले नव्हते. वकीलबाई नको म्हणत आहेत, तरी लिहिते.

आज साक्षीदार जेवायला येणार म्हणून नऊ वाजता पिंप पेटवले. वहिवाटीचा हक्क द्यायचा तर धाकटीला आधी दाखवलेले बरे, म्हणून वकीलबाईंनी मला न विचारता तिला पत्र पाठवले होते. मी म्हटले, ती येणार नाही. साडेअकराला मागचे फाटक करकरले. केस सगळे पांढरे, चाल तीच. ती मास्तरांच्या खुर्चीत बसली. तोंडाने सांगायचे मला जमेना, म्हणून मी हे कागद तिच्या हातात दिले. कलम ७ चे पान तिने दोनदा उलटले.

"नऊ वर्षं, ताई."

"हो."

"एका चुंबकासाठी?"

"चुंबकासाठी नाही. माझ्या तोंडासाठी."

ती कागदाकडे बघत म्हणाली, "मला वाटायचं, माझ्या हातालाच काहीतरी आहे. दोनदा जागा बघितली होती खानावळीला. दोन्ही वेळा परत फिरले."

मी म्हटले, "माझं चुकलं." हे दोन शब्द मी आयुष्यात किती वेळा म्हटले, ते मोजायला एका हाताची बोटेही जास्त होतील. आणि हे मला सगळ्यात आधी, चाळीस माणसांसमोर म्हणायला हवे होते.

ती उठली आणि मेजावरचे पेन उचलले. "साक्षीदार पाहिजेत ना? कुठे करू सही?"

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही नका करू. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचं आहे, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. सही केलीत तर पिंपावर पाणी सोडावं लागेल."

पेन तिच्या हातात राहिले. मी काट्याकडे बघत होते, पण तो किती आहे ते मला दिसत नव्हते. मग तिने पेनाला टोपण लावले आणि ते शेजारच्या शिंप्यांना दिले. "तुम्ही करा, दादा. मला पिंप पाहिजे."

आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या दिवशी मला धड बघूसुद्धा दिलं नाहीस."

मांसाला अजून दीड तास होता. मी उठले आणि झाकण काढले. सून "आई!" म्हणून ओरडली. समोरच्या खिडकीत मास्तर उभे राहिले. आम्ही दोघी वाकून बघत होतो. धाकटी म्हणाली, "उजवीकडचा तुकडा फिरव. तो पुढे चाललाय." बरोबर होते. बावीस वर्षांत ते मला कधी कळले नव्हते, कारण मी कधी उघडून बघितलेच नव्हते.

झाकण बसवले. काटा आधी सत्तरपर्यंत पडला, मग उसळून एकशे चोवीसवर गेला. तिने विचारले, "आता कोणता कॉक?" मी म्हटले, "पिंप तुझं आहे. तूच ठरव." तिने भिंतीकडचा कॉक चक्क अर्धे वळण बंद केला. पाव वळण पुरले असते. मी हाताची घडी घालून बसले. जागेवर यायला त्रेचाळीस मिनिटे लागली, आणि ती नोंद वहीत तिच्या अक्षरात आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि मला मान्य आहे. खाडाखोड कुठेही नाही.

लिहून ठेवणार : (सही) बॉयलरबाई

साक्षीदार १ : (सही) शेजारचे शिंपी. काकूंनी माझ्यासमोर सही केली. जेवण अजून व्हायचे आहे.

साक्षीदार २ : (सही) डॉक्टरबाई. लिहून ठेवणार पूर्ण शुद्धीवर आहेत. नाडी नेहमीपेक्षा जलद, कारण समजण्यासारखे.

ठिकाण : मागचे अंगण
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२४, रविवार, दुपारी दोन वाजता
काटा : एकशे सहा, स्थिर